वरच्या काकांनी पाहिलेली स्थळं

तुमच्या आईच्या वरच्या काकांनी आयुष्यात एकदाच स्थळं पाहिली, आणि तीही संगणकाच्या एका प्रोग्रामसाठी. जगात आजवर लाखो प्रोग्राम लिहिले गेले असतील, पण त्यातल्या एकालाही इतक्या रीतीने, इतक्या चौकशा करून आणि इतकी पत्रं लिहून सासरी पाठवलेलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. कारण ती सगळी पत्रं मी लिहिली आणि त्यांच्या प्रती माझ्याकडे तारीखवार लावलेल्या आहेत. परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, तू पहिला ईमेल कोणाला पाठवलास?" तेव्हा "वरच्या काकांच्या व्याह्यांना" असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि तुम्ही दोघी हसत सुटलात. फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

वरचे काका म्हणजे सांगलीला विश्रामबागेतल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मूळचे माण तालुक्यातले. मिरजेहून सुटणाऱ्या गाड्यांच्या टपालडब्यात ते सॉर्टर होते. धावत्या गाडीत उभं राहायचं, समोरच्या लाकडी खणांवर गावांची नावं लिहिलेली असायची, आणि हातातल्या गठ्ठ्यातलं एकेक पत्र नजर टाकल्याबरोबर त्या त्या खणात फेकायचं. हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. त्यामुळे बसणं हा प्रकार त्यांच्या अंगवळणी पडलाच नाही. वर्तमानपत्र ते उभ्याने वाचत, दोन्ही पाय फाकवून, आणि वाचताना किंचित डावी-उजवीकडे डुलत. चहा अर्धा कपच घेत. पूर्ण कप दिला तर म्हणत, "वहिनी, पुढं वळण आहे." तुमच्या आजोबांनी एकदा त्यांना आग्रहाने आरामखुर्चीत बसवलं, तर पाच मिनिटांत त्यांना मळमळायला लागलं. गाडी थांबली की मला असंच होतं, असं ते म्हणाले.

खणांत टाकण्याची त्यांच्या हाताला अशी सवय लागली होती की घरी आल्यावरही तो हात स्वस्थ बसत नसे. भाजीवालीच्या टोपलीतली वांगी ते तिच्या देखत भरिताची, भरल्या वांग्याची आणि गुराला घालायची अशी वेगळी करून देत. ती बिचारी तिसरा ढीग बघून आमच्या गल्लीत यायची बंद झाली. आपल्याकडे सत्यनारायण होता तेव्हा चाळीस माणसांची पायताणं त्यांनी जिन्याखाली रांगेने लावली. कुठल्या रांगेने? तर कोण कुठे परत जाणार त्या रस्त्याच्या रांगेने. एक मिरजेची रांग, एक माधवनगरची, एक गावभागाची. गावभागातल्या एका बाईंच्या चपला मात्र मिरजेच्या रांगेत होत्या. मी चूक दाखवली तर म्हणाले, "त्या आज घरी जात नाहीत. लेकीकडं चालल्यात. पिशवीत साडीची घडी होती." आणि त्या बाई खरोखरच प्रसाद घेऊन लेकीकडे मिरजेला गेल्या. पत्त्यावर काय लिहिलंय ते वाचावं, पण पत्र जायचंय कुठे ते ओळखावं, हा त्यांचा बाणा होता. नवीन माणूस भेटला की नाव विचारण्याआधी ते पिनकोड विचारत. चारशे पंधरा म्हणजे सातारा आणि चारशे सोळा म्हणजे सांगली. माझं माहेर रहिमतपूरचं, म्हणून माझी ओळख ते पाहुण्यांना अशी करून देत: "आमच्या वहिनी. जन्मानं चारशे पंधरा, लग्नानं चारशे सोळा, आणि इंग्रजी मात्र थेट लंडन." 'इतर' या शब्दाचा त्यांना मनस्वी राग होता. "इतर असा खण ज्यानं काढला त्याला कामाचा कंटाळा आला होता," ते म्हणत. आपल्या मसाल्याच्या डब्यावर मी 'इतर' अशी चिठ्ठी लावली होती, ती त्यांनी एकदा काढून घेतली ती परत दिलीच नाही.

वरच्या काकू नेमक्या उलट. त्यांच्या घरची सगळी मालमत्ता एका पत्र्याच्या ट्रंकेत एकत्र असे आणि मागेल ती वस्तू त्या न बघता बाहेर काढत. सांगलीत पंचवीस वर्षं राहूनही त्यांची भाषा माणची ती माणचीच राहिली. त्या दोघांना मूल नव्हतं. त्याबद्दल काकू माझ्याशी एकदाच बोलल्या. नंतर मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तुमची आई मात्र शाळेतून आली की आधी वर जायची, कारण काकूंच्या ट्रंकेत तिच्यासाठी काही ना काही असायचं.

संगणक घरात आला तो काकांच्या निवृत्तीनंतर. मुंबईला एका कचेरीत कामाला असलेल्या पुतण्याने तिथला टाकून दिलेला संगणक काकांसाठी पाठवला; पण सवयीने गावच्या पत्त्यावर. तिथे तो आठ दिवस मेंढरांच्या वाड्याशेजारी राहिला आणि मग घोंगडीत गुंडाळून, एसटीच्या टपावरून सांगलीला आला. काकांनी तो उंच फळीवर ठेवला, म्हणजे उभ्याने वापरता यावा. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ते संगणकाच्या क्लासला गेले आणि तिथल्या मुलांना त्यांनी पहिल्याच दिवशी पिनकोडप्रमाणे बाकांवर बसवलं. वर्षभरात डुलत डुलत त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो इंग्रजी कागद वाचायचा आणि कागद कुठल्या खणात जायचा ते सांगायचा. आधी आपण शंभरेक कागद हाताने गठ्ठ्यांत लावून दाखवायचे. मग कुठल्या गठ्ठ्यात कुठले शब्द जास्त येतात ते तो मोजून ठेवायचा, आणि नवा कागद आला की त्यावरून निवाडा करायचा. दुसऱ्यांच्या प्रोग्रामांना उपयोगी पडावं म्हणून लिहिलेल्या अशा कामाला संगणकवाले लोक लायब्ररी म्हणतात. मी तेव्हा कॉलेजात ग्रंथपाल होते आणि या शब्दावर माझा आक्षेप होता, पण कोणी विचारला नाही.

शिकवणीसाठी मी त्यांना कॉलेजच्या कार्यालयातले विद्यार्थ्यांचे जुने रजेचे अर्ज मिळवून दिले. काकांनी त्यांचे गठ्ठे लावले, पण आपल्या पद्धतीने. म्हणजे अर्जात लिहिलेल्या कारणाप्रमाणे नव्हे, खऱ्या कारणाप्रमाणे. त्यामुळे 'ग्रँडमदर', 'सडनली' आणि 'सीरियस' हे तीन शब्द एकत्र आले की अर्ज क्रिकेटच्या खणात जायचा, हे प्रोग्राम पक्कं शिकला. उपप्राचार्यांनी गंमत म्हणून स्वतःचा अर्ज घातला. त्यांच्या सासूबाईंच्या आजारपणाचा होता. प्रोग्रामने तो क्रिकेटमध्ये टाकला. मी शरमेने अर्धी झाले. काका माफी मागायला गेले, तर उपप्राचार्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "कुठे बोलू नका. त्या दिवशी कोल्हापूरला मॅच होती."

त्या दिवसापासून काकांना वाटायला लागलं की हे काम घरात ठेवण्यासारखं नाही, जगाला द्यावं. त्या काळी जगभरचे प्रोग्राम लिहिणारे आपापलं काम इंटरनेटवर एका सामाईक कोठारात ठेवत. कोणीही न्यावं, वापरावं. पण आत ठेवायचं तर नाव नोंदवावं लागे, आणि नाव दोन भागांचं. आधी घराण्याचं नाव, मग दोन अपूर्णविराम शेजारीशेजारी, म्हणजे चार टिंबं, आणि मग स्वतःचं नाव. 'टेक्स्ट' घराणं लिखित मजकुराचं, 'मेल' घराणं टपालाचं, अशी पुष्कळ घराणी होती. नाव एकदा दिलं की बदलता येत नसे, कारण ज्यांनी ज्यांनी ते काम नेलं त्यांच्या प्रोग्रामांत तेच नाव लिहिलेलं असे. इकडे नाव बदललं की तिकडे सगळं बंद. आणि घराणं चुकलं तर ज्याला गरज आहे त्याला ते कधी सापडायचंच नाही. हे सगळं इंग्रजीत होतं. मी वाचून समजावलं तेव्हा काका बराच वेळ डुलायचे थांबले होते.

"वहिनी, आयुष्यात माझ्या हातून हे एकच झालंय," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवली. हे माझं आहे. हे चुकीच्या खणात पडून राहायला नको."

अडचण अशी की ईमेल फक्त आमच्या कॉलेजात होता, माझ्या नावावर, आणि मी येत्या मे महिनाअखेर निवृत्त होणार होते. म्हणजे आमच्या हातात नऊ-दहा महिने होते. नुसतं नाव ठेवायला एवढा वेळ कोणालाही पुरला असता. पण एका नजरेत पत्राचं गाव ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या प्रोग्रामचं घर काही ठरवता येईना. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्यांनी घराणी पाहिली. पाहिली म्हणजे, त्या त्या घरातले प्रोग्राम मी फ्लॉपीवर आणून द्यायचे आणि ते एकेकाचं वळण तपासायचे. कोण नेटका लिहितो, कोणाच्या घरात जुन्या चुका तशाच पडून आहेत, कोण आलेल्या पत्रांना उत्तरं देतो. संध्याकाळी खाली येऊन आमच्या ओसरीवर उभे राहून अहवाल देत.

"मेल घराणं आपल्या पेशातलं. पण नुसती ने-आण. पत्र उघडून वाचणारं त्यांच्यात कोणी नाही. आपली तिथं गुदमरेल."

"मग ते बुद्धिमत्तेचं घराणं?" मी विचारलं.

"ए-आय? लय शिकल्यालं. आपण शब्द मोजतो म्हटल्यावर नाक मुरडतील. जन्मभर ऐकून घ्यावं लागंल." रंगात आले की त्यांची भाषा माणला जाऊन पोचायची.

"आणि टेक्स्ट?"

"खटलं मोठं आहे. भावंडं पुष्कळ, सगळी मिळून मिसळून. पण नांदेल. माणसं साधी आहेत."

पुतण्याने मुंबईहून फोनवर सांगितलं, "काका, कशाला कोणाच्या घरात? तुमच्याच नावाचं वेगळं घर काढा." त्या कोठाराची नोंदवही ठेवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एकाने सुचवलं की ठरत नसेल तर सध्या किरकोळच्या घरात ठेवा. किरकोळ म्हणजे 'इतर'. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

एका संध्याकाळी त्यांचा असाच अहवाल चालू असताना काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ होतं.

"आवं, पोरगी न्हाई घरात आन् स्थळं कसली बघताय?"

तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्र उलटं धरलं. काकूंच्याच लक्षात आलं असावं, कारण त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, बगा की मंग. पण नीट बगा. सासू कशी हाय त्ये बगा आदी." आणि वर निघून गेल्या. पुढे रोज त्याच विचारू लागल्या, आज काय झालं म्हणून.

दिवाळीनंतर ठरलं: टेक्स्ट घराणं, चार टिंबं, आणि 'कॅटेगराइझ' हे नाव. त्याच वेळी नोंदवहीला कळवलं असतं तर चार दिवसांत नोंद झाली असती. पण काका म्हणाले, न विचारता कोणाच्या घरात मुलगी कशी घुसवायची? आधी घरातल्या माणसांचा होकार हवा. मी कॉलेजात इंग्रजी शिकले, लग्न ठरवायच्या चालीरीती घरात शिकले. मला ते अगदी रास्त वाटलं. त्या घराण्यातल्या प्रत्येक प्रोग्रामच्या लेखकाला पत्र लिहायचं ठरलं. काका मराठीत सांगत: "आमची शांत स्वभावाची आहे. थोडक्या मेमरीत भागवते. कुठलाही कागद नाकारत नाही. आपल्या घरात तिला जागा द्याल काय?" मी त्याचं इंग्रजी करायची, 'रिस्पेक्टेड सर' पासून 'युअर्स फेथफुली' पर्यंत. पत्राला जावक क्रमांकही घालत होते.

उत्तरं येऊ लागली. ऑस्ट्रेलियाच्या एका गृहस्थांनी लिहिलं की आपण नक्की काय विचारताय ते कळलं नाही. मी हा प्रोग्राम एका सुट्टीत लिहिला, त्या शब्दावर माझा काही हक्क नाही, खुशाल या. काका म्हणाले, "दारातूनच 'या, जेवून जा' म्हणणारा माणूस. मनानं चांगला, पण घराला शिस्त नाही." एका अमेरिकन बाईंनी लिहिलं की मला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं, आणि तुमच्याकडे पाऊस किती पडतो? त्यांना काकांनी सांगलीचा आणि माणचा पाऊस वेगवेगळा कळवला. असे एकूण अकरा होकार आले. राहिला फक्त घरातला थोरला, म्हणजे त्या घराण्यात सगळ्यात आधी ज्याने प्रोग्राम ठेवला तो. त्याचं उत्तर येईना. जानेवारीत मी स्मरणपत्र पाठवलं, मागच्या पत्राचा संदर्भ देऊन. फेब्रुवारीत दुसरं. मार्चमध्ये तिसरं. काका म्हणत, "थोरल्याच्या होकाराशिवाय पुढं जाता येत नाही. थांबू." आणि मीही थांबले. तुमचे आजोबा म्हणाले, "अहो, त्याला काही आक्षेप असता तर त्यानं कळवलं नसतं का?" तर आम्ही दोघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पंचांग काढून बसले.

एप्रिलच्या शेवटी, माझा महिनाच उरला होता तेव्हा, मी काकांना न सांगता नोंदवहीवाल्यांना लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते नाव तीन आठवड्यांपूर्वी फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने नोंदवलं होतं. टेक्स्ट, चार टिंबं, कॅटेगराइझ. तेच घर, तेच नाव.

तो कागद घेऊन मी जिना चढले तेव्हा प्रत्येक पायरीला मला माझी तिन्ही स्मरणपत्रं आठवत होती. काकांनी कागद उभ्याने वाचला. माझ्या इंग्रजीचं त्यांना अप्रूप असलं तरी एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. मग ते हळूच मागे सरकले आणि काकूंच्या ट्रंकेवर बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत आपणहून बसलेलं पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी.

"काय झालं वो?" काकूंनी मला विचारलं.

"नाव दुसऱ्याला गेलं."

"मंग त्यात काय? गावात एका नावाच्या धा जणी असत्यात."

"तिथं नसत्यात," काका म्हणाले.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी नोव्हेंबरातच कळवायला हवं होतं. एवढं इंग्रजी वाचून मला हे कळायला हवं होतं."

"न्हाई वैनी," ते म्हणाले. एरवी ते मला वहिनी म्हणत; पहिल्यांदाच त्यांनी मला वैनी म्हटलं. "इचारून जायाचं, ही रीत हाय. रीत चुकली न्हाई. येळ गेली."

चार दिवस ते खाली आले नाहीत. वरून पावलांचा आवाजही नव्हता. मला जे सुचलं ते मी केलं. त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं. तक्रार काही केली नाही, फक्त घडलं ते पहिल्यापासून क्रमाने सांगितलं, अकरा होकारांसह. त्याचं उत्तर लांबलचक होतं. टेक्स्ट घराण्यातला तो थोरला, त्याने लिहिलं, दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेला. ज्या पत्त्यावर तुम्ही लिहीत होता तो पत्ता बंद आहे, तिथे गेलेलं पत्र परतही येत नाही. माझा प्रोग्राम अजून अर्धवट आहे, कोणी वापरत नाही. तुमच्या मित्रांचं काम मी पाहिलं नाही, पण ज्यांनी अकरा जणांची परवानगी मागितली त्यांनी ते नाव घ्यावं. मी माझं काढून घेतो.

हे मी वर जाऊन वाचून दाखवलं. बंद पत्त्याचं ऐकून काका आधी चपापले आणि मग मोठ्याने हसले. "बत्तीस वर्षं बेपत्ता माणसांची पत्रं मी परत पाठवली आन् मलाच कळलं न्हाई!" पण नाव घ्यायला ते तयार होईनात. "ठेवल्यालं नाव काढून घ्यायचं? दुसऱ्याच्या लेकराचं? न्हाई जमायचं."

"तो आपणहून देतोय, भाऊजी," मी म्हटलं.

"म्हणूनच न्हाई."

काकू भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "आवं, एवढं काय? त्येचीबी त्याच घरात हाय न्हवं? आपली धाकली जाऊ म्हणून जाईल. थोरलीच्या हाताखाली ऱ्हाईल. एका घरात दोन जावा नांदत न्हाईत व्हय?"

काका ट्रंकेवरून उठले. उठले आणि डुलायला लागले. काकूंनी सांगितलं ते शक्य होतं. नियमांत तशी सोय होती: कॅटेगराइझच्या पुढे आणखी चार टिंबं आणि तिसरं नाव. तिसरं नाव कोणतं, हे मात्र पाच मिनिटांत ठरलं. सॉर्टरच्या समोरच्या त्या लाकडी खणाला इंग्रजीत काय म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पिजनहोल. झालं. टेक्स्ट, कॅटेगराइझ, पिजनहोल. विद्यार्थ्याला कळवलं. तासाभरात त्याचं उत्तर: जरूर यावं, घर मोठं आहे. काकांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बघा. थोरल्या घराचा होकार आला."

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी पाठवणी झाली. काकू नवीन लुगडं नेसून आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात आल्या. कार्यालयाच्या पायऱ्यांवर त्यांनी चपला काढल्या. फाइल चढवायला वीस मिनिटं लागणार होती आणि दोनदा लाइन तुटली. तिसऱ्या वेळी मी त्यांना सांगितलं, हे बटण दाबा, म्हणजे निघाली. काकूंनी आधी कनवटीची पुडी सोडली, हळदकुंकू काढलं, आणि ओटीचे तांदूळ कीबोर्डवर घालणार तोच कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचे मास्तर ओरडले, "काकू, तांदूळ आत जातील! बंद पडेल सगळं!"

"मंग कुटं घालू? रिकामी कशी धाडू?"

मास्तरांनी जरा विचार केला आणि शेजारची एक कोरी फ्लॉपी पुढे केली. काकूंनी तिच्यावर पाच चिमटी तांदूळ ठेवले आणि बटण दाबलं. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते.

माझ्या निवृत्तीनंतर सांगलीत जागोजागी इंटरनेटची दुकानं निघाली आणि मी तिथे नवा ईमेल काढून, तो सगळ्यांना कळवून, दर शनिवारी जाऊन पत्रं बघू लागले. सासरहून तक्रारी येत. पहिली तक्रार अशी होती की कोरा कागद दिला की तुमचा प्रोग्राम कोसळतो. काका अस्वस्थ झाले. "रिकाम्या पाकिटालाबी जायचं ठिकाण असतं. ते मी तिला शिकवलं न्हाई," म्हणाले आणि दोन दिवसांत दुरुस्ती करून दिली. मग ब्राझीलहून, जपानहून, एकदा एका इस्पितळातून पत्र आलं. प्रत्येक पत्र मी मराठीत सांगायचे. काकू ऐकून फक्त एकच विचारत: "तिचं काय चुकलं, का त्येंचंच?" काका प्रत्येकाला उत्तर देत, तब्येतीची चौकशी करत, आणि शेवटी लिहायला सांगत की काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. मी तेही इंग्रजीत लिहीत असे. त्या विद्यार्थ्याने पुढे आपला अर्धवट प्रोग्राम पुरा केला आणि आपल्या माहितीपत्रकात लिहिलं की याच घरातल्या दुसऱ्या प्रोग्रामकडून मी पुष्कळ शिकलो. काकूंना ते सांगितलं तेव्हा त्यांनी शिरा केला.

काका सहा वर्षांनी गेले. आजारी फार नव्हते. पत्रं त्यानंतरही वर्षभर येत राहिली. जमेल तशी मी उत्तरं दिली, दुरुस्त्या विद्यार्थ्याने केल्या. मग पत्रं कमी झाली, त्या विद्यार्थ्याचाही पत्ता बंद झाला, आणि गेली कित्येक वर्षं एकही आलेलं नाही. संगणकाच्या या गोष्टी फार लवकर जुन्या होतात, असं तुमचे बाबा म्हणाले.

काकू अजून वरच राहतात. आता जिना उतरायला त्यांना वेळ लागतो, पण शनिवारी संध्याकाळी त्या खाली येतात, माझ्या समोर पायरीवर टेकतात आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतात, "वैनी, तिकडनं काय आलं का वो?"

"नाही आलं."

"तक्रार न्हाई न्हवं?"

"तक्रार काहीच नाही."

"मंग नांदतीया," असं म्हणून त्या कठड्याला धरून उठतात. गेल्या शनिवारी मात्र उठता उठता म्हणाल्या, "तरीबी एक पत्र ल्ह्या की. बरी हाय का म्हणून. ह्यांच्या माघारी कुणी इचारलंबी न्हाई तिला."

मी पत्र लिहून ठेवलं आहे. चांगलं पानभर झालं आहे, चुका तपासून, तारीख घालून. आता फक्त वर कोणाचा पत्ता लिहायचा, तेवढं सुचत नाही.